काटा, बिल्ला आणि ईदची तारीख : शेळी-मेंढी विक्री संस्थेच्या प्रश्नांना उत्तर

माणदेशातल्या एका पशुधन खरेदी-विक्री सहकारी संस्थेच्या सचिवांचं पत्र आलं आहे. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: "संस्था जुनी आहे. एके काळी बैलांच्या खरेदी-विक्रीवर चालायची, आता शेळ्या-मेंढ्यांवर. चांगला बोकड सभासद दारातच व्यापाऱ्याला देतात, संस्थेकडे येतो तो राहिलेला माल. त्यात कानात ओळखीचा बिल्ला नाही म्हणून बाजारात जनावर अडतं, पशुवैद्यकाचा तपासणी दाखला नाही म्हणून गाडी अडते. पुण्यात पॅकबंद मटण विकणाऱ्या एका कंपनीने माल मागितला आहे. काही सभासद म्हणतात, सहकारी संस्था मोडा आणि उत्पादक कंपनी काढा. काहींना अनुदान हवं आहे. आम्ही सुरुवात कुठून करावी?"

सचिवसाहेब, सुरुवात वजनकाट्यापासून करा. बाकीचं नंतर.

मागच्या महिन्यात तुमच्याच भागातल्या एका वस्तीवर लसीकरणाला गेलो होतो. तिथे व्यापारी बसला होता. त्याने बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला, कमरेत चिमटा घेतला आणि उक्ता भाव सांगितला, साडेदहा हजार. गाडीत माझा लटकता काटा होता. पोत्याची झोळी करून बोकड टांगला तर २९ किलो भरला. त्या आठवड्यात जिवंत वजनाचा भाव किलोला ४०० रुपये चालला होता, म्हणजे ११,६०० झाले. अकराशेचा फरक व्यापाऱ्याच्या हाताच्या अंदाजात होता. त्याचा अंदाज चुकलेला नव्हता बरं का, त्याला वजन बरोबर कळलं होतं. कळलं नव्हतं ते मालकाला. मालकाला त्याचा दुसरा बोकड ३५ किलोचा वाटत होता, तो मात्र काट्यावर ३० च भरला आणि त्याचं तोंड उतरलं. काटा दोन्हीकडून बोलतो, हे सभासदांना आधीच सांगून ठेवा.

रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची पद्धत तुमच्या वडीलधाऱ्यांनी बैलबाजारात बघितली आहे. भाव दोघांनाच कळायचा, तिसऱ्याला नाही. शेळीबाजारात रुमाल नसला तरी उक्त्या भावाचं काम तसंच चालतं. म्हणून संस्थेने पिंजऱ्याचा प्लॅटफॉर्म काटा घ्यावा. वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून त्यावर शिक्का मारून घ्यावा. काटा मारतात हा आरोप व्यापाऱ्यावर होतो तसा उद्या संस्थेवरही होईल, तेव्हा शिक्का आणि पावती हेच उत्तर. वजन सकाळी, चारा-पाणी व्हायच्या आधी करा. आपल्यातलेही काहीजण मीठ चारून पाणी पाजतात आणि दोन किलो वाढवतात. व्यापाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो सगळ्यांच्याच मालातून घट कापतो. एकाच्या लबाडीचा भुर्दंड वाडीला बसतो. त्यापेक्षा उपाशीपोटी वजन आणि घट शून्य, असा नियम फळ्यावर लिहून टाका.

काटा येईपर्यंत टेप वापरा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात घ्या आणि त्याला त्याच आकड्याने गुणा. आलेल्या आकड्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर २८, लांबी २६ असेल तर साधारण ३१ किलो. गाभण शेळीला आणि पोट फुगलेल्या जनावराला हे गणित लागू करू नका.

आता चांगला बोकड दारातच का जातो, ते बघू. व्यापारी विसार देतो, रोख देतो, रात्री अकरालाही येतो. दवाखान्यासाठी, शाळेच्या फीसाठी बोकड विकणाऱ्याला पैसे आज लागतात. संस्था "माल गेल्यावर, पैसे आल्यावर" म्हणते. मग सभासद फुटला म्हणून त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. वजन झाल्याबरोबर अंदाजे रकमेपैकी निम्मी रोख किंवा खात्यावर आणि उरलेली आठ दिवसांत, एवढी सोय करता आली तर निम्मा माल आपोआप संस्थेकडे वळेल. त्यासाठी फिरतं भांडवल लागतं. ते पहिल्या वर्षी भागभांडवलातून किंवा जिल्हा बँकेच्या कर्जातून उभं करा. कमिशन किती कापणार ते पावतीवर छापा. आणि एक कडू गोष्ट: संचालकांपैकी कोणी व्यापाऱ्याचा माणूस असेल तर काट्याजवळ तो नको.

बिल्ल्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही. कानातला १२ अंकी बिल्ला आणि भारत पशुधन प्रणालीवरची नोंद, या दोन्हींशिवाय खरेदी-विक्री करता येणार नाही, असं राज्याने १ जून २०२४ पासून ठरवलं आहे. बाजार समिती, आठवडी बाजार आणि गावातला व्यवहार, तिन्ही त्यात आले. आमच्या दवाखान्यातली सेवाही नोंदीला बांधलेली आहे. पण सभासद बाजाराच्या आदल्या दिवशी बिल्ला मारायला येतात, तिथे घोळ होतो. कानाची जखम ताजी, शेळी कान झटकते, माश्या बसतात, मग गिऱ्हाईक म्हणतं जनावर आजारी आहे. करडू तीन महिन्यांचं झालं की बिल्ला मारून मोकळे व्हा. कानाच्या मधोमध, दोन शिरांच्या मधल्या जागेत तो बसवून घ्या. कडेला मारला तर काटेरी झुडपात अडकून कान फाटतो, आणि फाटक्या कानाच्या बोकडाला ईदच्या बाजारात भाव मिळत नाही. बिल्ल्याच्या छिद्राचं निमित्त करून कोणी भाव पाडू लागला तर भुलू नका. गिऱ्हाईकाला धार्मिक शंका असेल तर त्याने आपल्या मौलवींना विचारावं, व्यापाऱ्याने त्याचे पैसे कापू नयेत. जनावर विकल्यावर मालकी बदलाची नोंद मात्र करून घ्या, नाहीतर वर्षभराने ते तुमच्याच नावावर दिसेल.

माझं मत विचाराल तर हा बिल्ला संस्थेच्या फायद्याचाच आहे. कुठल्या शेळीला पीपीआर या साथीच्या रोगाची लस कधी दिली, करडू कुणाच्या दावणीचं, हे व्यापारी सांगू शकत नाही. संस्था सांगू शकते. लस टोचून निदान तीन आठवडे झाल्याशिवाय बाजार दाखवू नका, आणि न विकता परत आलेलं जनावर तेवढेच दिवस कळपापासून लांब बांधा. बाजारातून रोग घरी येतो तो याच वाटेने.

ईदच्या बाजाराबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. वर्षातला सगळ्यात मोठा भाव तिथे असतो, चाकण-लोणंदपासून मुंबईच्या देवनारपर्यंत. पण बकरी ईद चंद्राच्या हिशोबाने येते. २०२४ ला ती १७ जूनला होती, २०२५ ला ७ जूनला. दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते, २०३० च्या सुमारास ती एप्रिलच्या मध्यावर असेल. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा लागतो आणि गिऱ्हाईक दात बघूनच घेतं. एप्रिल-मेमध्ये जन्मलेली करडं पुढच्या वर्षीच्या जूनच्या ईदला कशीबशी बसायची. आता ती बसणार नाहीत, अदात (पक्के दात न आलेली) राहतील आणि खाटकाच्या भावाने जातील. शेळी पाच महिन्यांनी विते. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला शेळ्या फळवल्या तर नोव्हेंबरच्या आसपास करडं येतात आणि सतरा-अठरा महिन्यांचे दोनदाती बोकड ईदला तयार असतात. फळवायला उशिरात उशीर ऑक्टोबर. सभासदांच्या शेळ्या कधी फळवायच्या याचं पत्रक संस्थेने दर वर्षी ईदची तारीख बघून काढावं. ईद अलीकडे येण्यात तुमच्या भागाचं भलंच आहे. मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर बोकड जगवण्याचा खर्च वाचतो.

गाडीच्या दाखल्यासाठी कृपया गाडी भरून दवाखान्यात येऊ नका. जनावर चढवायच्या आधी तपासून दाखला द्यायचा असतो. भरलेल्या गाडीत खालचं जनावर मला दिसत नाही, मग मी सही कशावर करू? १९७८ च्या पशुवाहतूक नियमांप्रमाणे साडेचार-पाच टनी ट्रकमध्ये ४० पेक्षा जास्त शेळ्या-मेंढ्या घालता येत नाहीत. नर-मादी एका कप्प्यात नकोत, शेळ्या आणि मेंढ्या वेगळ्या हव्यात आणि खाली भुसकट अंथरलेलं हवं. मोटार वाहन नियमांत एका शेळीला ०.३ चौरस मीटर, म्हणजे साधारण सव्वातीन चौरस फूट जागा सांगितली आहे. तुमच्या पिकअपचा हौदा आठ बाय साडेपाच फुटांचा धरला तर तेरा जनावरं झाली. लोक तीस-पस्तीस भरतात. अशाच एका गाडीत दोन बोकड तळाला गुदमरलेले मी स्वतः बाहेर काढले आहेत. एका खेपेचं वाचलेलं भाडं तिथेच बुडालं. चार सभासदांनी चार पिकअप करण्यापेक्षा संस्थेने एक मोठी गाडी कप्पे पाडून ठरवावी. भाडं नगावर वाटलं की कोणाला जड जात नाही.

बैलांचा धंदा पूर्वीसारखा परत येणार नाही, हे मनाशी पक्कं करा. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूंचीही कत्तल बंद आहे. म्हैसवर्ग त्यात येत नाही. म्हातारा बैल विकून नवी जोडी घ्यायची साखळी तिथे तुटली. त्यात ट्रॅक्टर आला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीमुळे गुरांचे बाजारच बंद ठेवावे लागले. तुमच्या संस्थेचं त्या वर्षीचं उत्पन्न किती घसरलं ते ताळेबंदात बघा, म्हणजे एकाच जातीच्या जनावरावर विसंबण्याची किंमत कळेल. शेतीकामाच्या बैलांचे सौदे जरूर करा, पण घेणाऱ्याचं नाव, गाव आणि बिल्ला क्रमांक पावतीवर घेतल्याशिवाय दावं सोडू नका.

मटण कंपनीच्या मागणीने हुरळून जाऊ नका आणि घाबरूही नका. स्वतः मटण कापून विकायचं तर मान्यताप्राप्त कत्तलखाना, अन्न सुरक्षा परवाना आणि शीतगृह लागतं. तो तुमचा आजचा घास नाही. जिवंत माल द्या. करार करताना चार गोष्टी वहीत लिहून घ्या. वजन कुठे होणार, तुमच्या काट्यावर की त्यांच्या? प्रवासात जनावर किलो-दोन किलो उतरतं, ते कोणाच्या खात्यात? नापास झालेलं जनावर परत आणायचा खर्च कोणाचा? पैसे किती दिवसांत? कंपनी कापल्यानंतरच्या वजनावर भाव देते म्हणाली तर गणित नीट करा. ३० किलोच्या बोकडाचं साधारण १४ किलो मटण पडतं. मुंडी, पाय, वजडी आणि कातडं त्यात धरलं आहे की नाही, हे विचारल्याशिवाय सही करू नका. आणि पहिल्या वर्षी निम्म्यापेक्षा जास्त माल एका गिऱ्हाईकाला बांधून देऊ नका.

गाभण शेळ्या कोणालाच देऊ नका. कत्तलखाना नियमांत गाभण जनावर कापायला मनाई आहेच, शिवाय पोटातली दोन करडं फुकट जातात ते वेगळंच. उन्हाळ्यात चारा नसताना सभासद त्या काढायला बघतात, अशा वेळी संस्थेने चारा उधार द्यावा.

उत्पादक कंपनी काढायला दहा उत्पादक पुरतात, काढणं अवघड नाही. पण फुटणारा सभासद कंपनीतही फुटतो. आहे ती संस्था ठेवा. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायचीच आहे. त्या सभेत वजनावर खरेदी, वाहतूक आणि करार-पुरवठा हे उद्देश उपविधीत घालण्याचा ठराव करा आणि उपनिबंधकांकडे मंजुरीला पाठवा.

अनुदान म्हणाल तर राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या ५ बोकडांपासून ५०० शेळ्या २५ बोकडांपर्यंतच्या पैदास प्रकल्पाला ५० टक्के अनुदान आहे, लहान प्रकल्पाला १० लाखांपर्यंत आणि मोठ्याला ५० लाखांपर्यंत. सहकारी संस्थाही अर्ज करू शकते. पण ते पैदाशीसाठी आहे, विक्रीसाठी नाही. विकायची घडी बसलेली नसताना ५०० शेळ्या आणून बांधलेले गोठे मी रिकामे झालेले पाहिले आहेत. चांगल्या उस्मानाबादी बोकडासाठी शेळी-मेंढी विकास महामंडळाच्या दहिवडी किंवा रांजणीच्या प्रक्षेत्रावर चौकशी करा, तेवढं आधी पुरेल.

बिल्ले मारायला सभासदांची यादी वाडीनिहाय करून पाठवा, दावणीवर किती करडं आहेत तेही लिहा. संस्थेच्या मालाचे दाखले बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी चारपासून देईन. जनावरं झाडाखाली मोकळी बांधून ठेवा, गाडी लांब उभी करा.

— पशुधन विकास अधिकारी, पंचायत समिती