गोदामातला प्रिंटर, मुंबईतला मेनफ्रेम आणि ‘छापलं’ हे कोण सांगतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मेनफ्रेम, म्हणजे कंपनीचा मोठा मध्यवर्ती संगणक (पुढे ‘होस्ट’ म्हणतो तो हाच), मुंबईच्या डेटा सेंटरात आहे. भोसरी, चाकण आणि सांगलीच्या गोदामांत ३१७४ कंट्रोलरला (मेनफ्रेम आणि प्रिंटर यांच्यामधला आयबीएमचा डबा) कोॲक्स केबलने जोडलेले जुने प्रिंटर आहेत. लीज्ड लाईन बंद होणार आहे आणि नेटवर्कवाले म्हणताहेत, “एमपीएलएस (नवं कंपनी-नेटवर्क) आलं की एलपीआर (नेटवर्कवरून छपाईची जुनी पद्धत) लावून देतो, अर्ध्या दिवसाचं काम.” तर नव्या लाईनवर छपाई कशी चालवायची? काम अर्ध्या दिवसाचंच आहे, त्यांचं चुकत नाही. पुढचे सहा महिने गोदामातून फोन कोणाला येणार, तेवढं ते सांगत नाहीत.

बँडविड्थची काळजी सोडा. १३२ कॉलम आणि ६६ ओळींचं पान काठोकाठ भरलं तरी ८,७१२ अक्षरं होतात. जुन्या ९.६ केबीपीएसच्या लाईनवर त्याला सव्वासात सेकंद लागायचे आणि त्यावर आपण वर्षानुवर्षं काढली. खरा प्रश्न हा की, होस्टला ‘छापलं’ असं कोण कळवतं?

आज तुमचा प्रिंटर होस्टच्या दृष्टीने एलयू-१ किंवा एलयू-३ आहे (एलयू म्हणजे होस्टला नावाने ओळखता येणारं टोक). कागद संपला की कंट्रोलर ‘इंटरव्हेन्शन रिक्वायर्ड’ कळवतो आणि काम कुठे अडलं ते ऑपरेटरला दिसतं. एलपीआरमध्ये पलीकडच्या स्पूलरने (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) फाईल घेतली, शून्याचा एक बाइट परत पाठवला, की होस्टने हात झटकले. मग प्रिंटर बंद असो नाहीतर रिबन फाटलेली असो. महिन्याच्या रिपोर्टला हे चालतं, हरवला तर पुन्हा काढता येतो. मालासोबत जाणाऱ्या चलनाचं तसं नाही. एक प्रत माल घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक आपली. कार्बनवर ठोकून तीन प्रती काढायच्या म्हणूनच तर डॉट मॅट्रिक्स अजून जिवंत आहे. शिवाय दारात ट्रक उभा असतो.

एलपीआरची आणखी एक खोड सांगून ठेवतो. १९९० च्या आरएफसी ११७९ (इंटरनेटचे नियम ठरवणारा दस्तऐवज) नुसार पाठवणाऱ्याचा पोर्ट ७२१ ते ७३१ यांतलाच हवा, म्हणजे जेमतेम ११ पोर्ट. एकामागोमाग बारा-पंधरा चलनं सुटली की वापरलेले पोर्ट मोकळे होईपर्यंत रांग अडते. मधल्या फायरवॉलने नॅट (पत्ता बदलून पुढे पाठवणं) करताना पोर्ट बदलला, तर काटेकोर सर्व्हर कामच नाकारतो.

म्हणून माझं मत टीएन३२७०ई च्या बाजूने, म्हणजे मेनफ्रेमचे टर्मिनल आणि प्रिंटर टीसीपीवरून जोडायची पद्धत. १९९८ च्या आरएफसी २३५५ मध्ये प्रिंटर सेशनची सोय आहे, होस्टला प्रतिसादही मिळतो. एलयूची नावं जुनीच ठेवली तर सीआयसीएसच्या (मेनफ्रेमवर रोजचे व्यवहार चालवणारी प्रणाली) प्रोग्राममध्ये एका ओळीला हात लावावा लागत नाही. प्रत्येक गोदामात एक साधा लिनक्स बॉक्स ठेवा आणि त्यावर पीआर३२८७ चालवा, तो होस्टपुढे प्रिंटर म्हणून उभा राहतो. एक्स३२७० या मेनफ्रेम-टर्मिनल प्रोग्रामच्या संचातच ते मिळतं, फुकट आहे. बॉक्स गोदामातच हवा, डेटा सेंटरात नको. कारण इथेही पावती बॉक्सपर्यंतचीच असते, कागदापर्यंतची नाही. पण बॉक्सपासून प्रिंटर दोन मीटरवर असला तर उरलेलं अंतर स्टोअरकीपरच्या नजरेतलं असतं, आणि काम बॉक्सच्या रांगेत सुरक्षित राहतं.

यात एक गंमत होते. सीआयसीएस सेशन धरून ठेवतं, त्यामुळे काम संपल्याचं पीआर३२८७ ला कळत नाही. शेवटचं चलन पोटात राहतं आणि पुढचं आलं की त्याच्यासोबत बाहेर पडतं. ईओजे (एंड ऑफ जॉब, म्हणजे काम संपलं) टाइमआउटचा पर्याय देऊन पाच-दहा सेकंद ठेवा, सुटतं. रीकनेक्टचा पर्यायही लावूनच टाका.

आता शुक्रवारची गोष्ट. भोसरीतल्याच एका कारखान्यात आम्ही हे बसवलं. तीन पाळ्या, प्रिंटर दिवसरात्र टकटकत असायचा. पण दर शुक्रवारी सकाळचं पहिलं चलन गायब. होस्टवर एलयू ॲक्टिव्ह, प्रिंटरवर हिरवा दिवा, कागद कोरा. केबल बदलली, प्रिंटरचं कार्ड बदललं, सर्व्हिस इंजिनिअरशी भांडणही झालं. शेवटी स्टोअरमधले काका म्हणाले, “अहो, गुरुवारी कोणी बोलत नाही ना त्याच्याशी, म्हणून रुसतो.” सगळे हसले आणि मला उजेड पडला. गुरुवारी सुट्टी, म्हणजे आठवड्यातला तेवढाच दिवस सेशनवर काही जात नाही. आमच्या फायरवॉलची मुदत १ तासाची होती. तासभर शांतता दिसली की तो कनेक्शन विसरून जायचा आणि दोन्ही टोकांना त्याचा पत्ता नसायचा. टीसीपीचा कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ते चाचपणारा संदेश) होता, पण त्याची नेहमीची मुदत २ तास, म्हणजे वरात गेल्यावर बँड. होस्टच्या टेलनेट सर्व्हरला (टीएन३२७०ई सेशन सांभाळतो तो) टाइममार्क आणि स्कॅनइंटरव्हल या शांत कनेक्शन तपासायच्या मुदती आहेत, ते २० मिनिटांच्या आत आणले आणि शुक्रवार सुधारला. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा.

कागदाकडेही बघा. होस्टचा हिशोब ११ इंची पानाचा, म्हणजे इंचाला ६ ओळी धरून ६६. आपल्याकडच्या दुकानांतून सर्रास येते ती १२ इंची स्टेशनरी, ७२ ओळींची. प्रिंटरचा फॉर्म लेंथ (पानाची लांबी) जुळला नाही की प्रत्येक पान इंचभर सरकतं आणि तिसऱ्या-चौथ्या चलनाची ‘एकूण रक्कम’ बरोब्बर फाडायच्या रेषेवर येते. कोडपेजही (कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, याचा तक्ता) तपासा, ०३७ आणि १०४७ यांत चौकोनी कंस वेगळ्या जागी आहेत. रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये आलं, या दोन्हींत ते नाही. ‘रु.’ साठी आहे तीच रोमन अक्षरं राहू द्या.

सांगलीचे कोॲक्सवाले प्रिंटर इतक्यात बदलता येणार नसतील तर डीएलएसडब्ल्यू हा मधला मार्ग आहे. राउटर एसएनएची (मेनफ्रेमची जुनी नेटवर्क पद्धत) वाहतूक टीसीपीत गुंडाळून नेतो, ३१७४ ला काही कळतसुद्धा नाही. पण नवा राउटर ते करतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो सर’ नको.

सुरुवात भोसरीपासून करा, जवळ आहे, धावता येतं. आणि एक गुरुवार उलटून शुक्रवारचं पहिलं चलन हातात पडेपर्यंत जुनी लाईन तोडायचा अर्ज देऊ नका.