गुडघा, नातू आणि तिकोना

प्रश्न : माझे वय ६३ आहे. उजव्या गुडघ्याची झीज सुरू झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. सपाटीवर मात्र तासभर सहज चालता येते. माझ्या ११ वर्षांच्या नातवाला एखादा किल्ला दाखवावा आणि वरून भरपूर पाणी दिसावे, अशी इच्छा आहे. पवना तलावाजवळचा तिकोना अनेकांनी सुचवला. भाचा म्हणतो, खरी मजा पावसाळ्यातच, दिवाळीपर्यंत थांबू नका. तिकोना आम्हाला झेपेल का, कधी जावे, आणि खाली आल्यावर नातवाला तलावात पोहू द्यावे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तिकोना आपल्याला झेपण्यासारखा आहे, मात्र डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे आणि बेत आखताना चढाईपेक्षा उतराईचा विचार अधिक करावा. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० फूट ही गडाची उंची ऐकून दडपण येते; परंतु पायथ्याचे तिकोना पेठ हे गाव मुळातच बऱ्याच उंचीवर वसलेले असल्याने प्रत्यक्ष चढायची उंची त्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. सवयीची माणसे तासाभरात माथ्यावर पोहोचतात. आपण दोन तास धरावेत आणि त्याबद्दल मनात कोणताही संकोच बाळगू नये.

पेठेतून निघालेली वाट डोंगराच्या धारेने ठळकपणे वर जाते, त्यामुळे चुकण्याची भीती फारशी नाही. पुढे दरवाजा ओलांडला की चपेटदान मारुतीची मोठी मूर्ती लागते, आणि त्यानंतर कातळात खोदलेले लेणे, त्याच्यासमोरचे तळे, चुन्याचा घाणा असे नातवाला रमवणारे बरेच काही आहे. चुन्याच्या घाण्याचे दगडी चाक पाहून मुले हमखास प्रश्न विचारतात. बांधकामासाठी चुना मळण्याचे ते साधन होते, एवढे आधीच वाचून ठेवले म्हणजे आजोळचा मान राखला जाईल. इथपर्यंतचा चढ गुडघ्याला फारसा जाचत नाही.

खरी परीक्षा बालेकिल्ल्याच्या पायऱ्यांवर होते. त्या अरुंद आणि उभ्या आहेत आणि त्यांची उंची घरातल्या जिन्याच्या पायरीहून बरीच जास्त आहे. चढताना दम लागतो, पण झिजलेल्या गुडघ्याला खरा त्रास होतो तो उतरताना, कारण प्रत्येक पायरीला शरीराचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर तोलावा लागतो. म्हणून उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा आणि शरीराचा भार चांगल्या पायाने तोलून धरावा. चढताना याच्या उलट, चांगला पाय आधी वर. उभ्या पायऱ्यांवर आधाराला लावलेला दोर किंवा भिंत एका हाताने धरून, अंग थोडे तिरके करून सावकाश उतरावे. चालण्याची काठी धारेवरच्या वाटेवर फार उपयोगी पडते, पायऱ्यांवर मात्र ती पाठीवरच्या पिशवीला अडकवून दोन्ही हात मोकळे ठेवलेले बरे. नातू आपल्या पुढे किंवा मागे नव्हे, तर सोबतच्या एखाद्या धडधाकट माणसाबरोबर असावा; दोघांनी एकमेकांना सांभाळायचे म्हटले की दोघांचाही तोल जातो. एवढे करूनही पायऱ्यांच्या तोंडाशी गुडघा कुरकुरू लागलाच, तर आपण लेण्यापाशी सावलीत बसावे आणि नातवाला सोबतच्या मोठ्या माणसाबरोबर माथ्यावर जाऊन येऊ द्यावे.

आता भाच्याच्या सल्ल्याविषयी. पावसाळ्यातला मावळ देखणा असतो, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु आपल्याला वरून पाणी पाहायचे आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये माथ्यावर अनेकदा धुके इतके दाट उतरते की समोरचा माणूस दिसला तरी पुरे. शिवाय शेवाळलेल्या उभ्या पायऱ्या आणि त्यांवर शनिवार-रविवारी उसळणारी गर्दी हे दुखऱ्या गुडघ्यासाठी धोक्याचे मिश्रण आहे. दिवाळीनंतर जानेवारीपर्यंतचा काळ आपल्याला सर्वांत योग्य. पाऊस चांगला झाला असेल तर तेव्हा जलाशय काठोकाठ असतो, हवा स्वच्छ असते आणि वाट कोरडी झालेली असते. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठाची उघडी माती दिसू लागते, आणि उन्हाचा ताप वेगळाच. दिवसातली वेळही महत्त्वाची आहे : जलाशय गडाच्या पश्चिमेला आणि वायव्येला पसरलेला असल्यामुळे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी राहतो आणि पाण्याचा निळा रंग व पलीकडचे तुंग, लोहगड, विसापूर स्पष्ट दिसतात, दुपारनंतर तोच सूर्य समोर येऊन सगळे पांढुरके होते. सातच्या सुमारास चढायला लागावे.

माथ्यावर महादेवाचे मंदिर आहे. तिथे बसून नातवाला एक गोष्ट जरूर सांगावी : समोरचा तलाव नैसर्गिक नाही, आणि तो आजोबा-आजींपेक्षा वयाने लहान आहे. पवना नदीवरचे धरण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाले आणि खोऱ्यातली शेते व वस्त्या पाण्याखाली गेल्या. आज याच पाण्यावर पिंपरी-चिंचवडची तहान भागते. म्हणजे १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी हा गड घेतला, किंवा १६६५च्या पुरंदरच्या तहात तुंग आणि लोहगडाबरोबर तो मोगलांना द्यावा लागला, तेव्हा इथल्या पहारेकऱ्याला खाली नदी, भातखाचरे आणि पवन मावळातल्या वाटा दिसत असणार. पहारा होता तो त्या वाटांवर. ही गोष्ट समजली की चार गड एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात का आहेत, हे मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही.

पोहण्याच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. धरणाच्या जलाशयाचा तळ सपाट नसतो. बुडालेल्या बांधांमुळे आणि जुन्या नदीपात्रामुळे गुडघाभर पाण्यातून पुढच्याच पावलाला खोल पाणी लागू शकते, आणि तळच्या गाळात पाय रुततो. पट्टीचे पोहणारेही या जलाशयात बुडाले आहेत. नातवाला काठावर, कोरड्या जमिनीवर बसून डबा खाऊ द्यावा.

जाण्यासाठी कामशेतहून पवनानगरमार्गे किंवा पुण्याहून पौडमार्गे गाडीने थेट पेठेपर्यंत पोहोचता येते. लोकलने कामशेतला उतरल्यास पुढच्या वाहनाची सोय आधी करून ठेवावी. माणशी दोन लिटर पाणी बरोबर घ्यावे, गडावरच्या टाक्यांतील पाण्यावर विसंबू नये. कड्यांवर मधमाश्यांची पोळी असू शकतात. म्हणून त्या दिवशी अत्तर लावू नये आणि सोबतच्या कोणाला विडी-सिगारेटही ओढू देऊ नये. खाली पोहोचल्यावर गुडघ्याला पंधरा मिनिटे बर्फाचा शेक देता आला तर दुसऱ्या दिवशीचा ठणका बराच कमी होतो.