शंका-समाधान : दगडावरचा धम्म

प्रश्न : बाई, माझ्या मुलीला परीक्षेसाठी प्राचीन संस्कृती आणि जगातले धर्म यांवरच्या पन्नास-साठ संज्ञा करायच्या आहेत. धम्म, लीगलिझम, डायस्पोरा, सॅट्रप वगैरे. ती घडाघडा अर्थ म्हणून दाखवते. पण ‘अशोकाचा धम्म म्हणजे काय?’ असं विचारलं की ‘बौद्ध धर्म’ म्हणते आणि पुढच्या शब्दाकडे वळते. एवढं उत्तर पुरे का? (एक पालक)

उत्तर : मुलीला रागावू नका. हेच उत्तर मी स्वतः कितीतरी वर्षं फळ्यावर लिहून दिलंय. माझी चूक काढली ती मागच्या बाकावरच्या एका मुलाने. अशोकाच्या कंदाहारच्या शिलालेखाचं भाषांतर मी मोठ्या थाटात वाचून दाखवलं, आणि तो म्हणाला, “बाई, यात बुद्धाचं नाव कुठंय?” मी तिथल्या तिथे पुन्हा वाचलं. नव्हतं.

हा लेख १९५८ साली कंदाहारला सापडला. अशोकाच्या राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यानंतरचा, म्हणजे इ.स.पू. २६०च्या आसपासचा. वर ग्रीक, खाली अरामी. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर त्या भागात ग्रीक वस्ती होती, आणि अरामी ही इराणच्या हखामनी साम्राज्याची कारभाराची भाषा तिथे अजून चालत होती. राजाचं नाव ग्रीकमध्ये ‘पियोदासेस’ असं येतं, म्हणजे अशोक आपल्या लेखांत स्वतःला म्हणवतो तो पियदसी. मजकूर थोडका आहे. राजा प्राणी मारत नाही, त्याच्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनीही शिकार सोडली, ज्यांचा स्वतःवर ताबा नव्हता त्यांनी जमेल तितका ताबा मिळवला, लोक आईवडिलांचं आणि वडीलधाऱ्यांचं ऐकू लागले. मला त्यातलं ‘जमेल तितका’ फार आवडतं. राजाज्ञेत एवढी सवलत सहसा सापडत नाही.

आता ज्याने हे ग्रीकमध्ये उतरवलं त्याची पंचाईत बघा. ‘धम्म’ला शब्द कुठून आणायचा? त्याने ‘युसेबेया’ घेतला. देव, आईबाप, थोरमोठे यांच्याविषयी मनात असावा लागतो तो आदर, असा ग्रीक माणसाला कळणारा अर्थ. खालच्या अरामी मजकुरात त्याच जागी ‘सत्य’ या अर्थाचा शब्द आला. एकाच दगडावर, हातभर अंतरात, धम्माची दोन रूपं झाली आणि त्यातलं एकही आपण परीक्षेत लिहितो ते नाही.

म्हणजे अशोक बौद्ध नव्हता का? होता. राजस्थानातल्या बैराटच्या लेखात तो संघाला वंदन करतो आणि भिक्षूंनी, उपासकांनी कोणते उपदेश पुन्हा पुन्हा ऐकावेत याची सात नावांची यादीही देतो. पण ते संघाशी बोलणं झालं. प्रजेशी बोलताना तो ब्राह्मण आणि श्रमण (बौद्ध, जैन वगैरे पंथांचे संन्यासी) दोघांनाही मान द्या म्हणतो, नोकराचाकरांशी नीट वागा म्हणतो. मुलीला सांगा, धम्मापुढे ‘अशोकाने सर्व पंथांच्या प्रजेसाठी सांगितलेली वागणुकीची रीत’ असं लिही. गुण कापले तर माझं नाव सांगा.

तुमच्या यादीतला लीगलिझम, म्हणजे कडक कायद्याने राज्य चालवा म्हणणारा प्राचीन चीनमधला विचार, इथेच उरकते, कारण तो धम्माला चीनमध्ये भेटतो. लीगलिस्टांचं चिनी नाव ‘फा-जिया’, म्हणजे ‘फा’वाले. फा म्हणजे नियम, कायदा, मोजायचं माप. शांग यांग याने इ.स.पू. चौथ्या शतकात छिन राज्यात घराघरांच्या टोळ्या बांधून एकाच्या गुन्ह्याला बाकीच्यांना जबाबदार धरलं, तो हा फा. त्याच छिनने इ.स.पू. २२१ मध्ये सगळा चीन एक केला आणि पंधराएक वर्षांत ते राज्य कोसळलं. पुढे बौद्ध ग्रंथ चिनीत येऊ लागले. आन शिगाओ हा पार्थियाकडचा (इराणकडचा) भाषांतरकार इ.स. १४८ मध्ये लोयांगला पोहोचला होता. बुद्धाच्या धर्माला चिनीत जो शब्द रूढ झाला तो कोणता? फा! शेजाऱ्याच्या गुन्ह्यासाठी तुम्हाला धरणारा कायदा आणि करुणा शिकवणारा धर्म, दोघांना अक्षर एकच.

प्रश्न : ख्रिस्त हे येशूचं आडनाव का? हसू नका. (अकरावीतली विद्यार्थिनी)

उत्तर : हसले नाही. आडनाव नव्हे, पदवी. मूळ शब्द हिब्रूतला, ‘माशियाह’, म्हणजे ज्याला तेलाने अभिषेक झालाय तो. राजांना आणि मुख्य याजकांना तसा अभिषेक होई. गंमत म्हणजे बायबलातल्या यशयाच्या ग्रंथात हीच पदवी इराणच्या सायरसला दिली आहे. तो ज्यू नव्हताच. पण त्याने इ.स.पू. ५३९ मध्ये बाबिलोन जिंकलं आणि तिथे नेऊन ठेवलेल्या ज्यूंना परत जायची मुभा दिली.

सगळे काही परतले नाहीत. जे बाहेरच राहिले, त्यांच्या विखुरण्याला ग्रीक शब्द ‘डायस्पोरा’. त्यात बी पेरताना फेकतात तसं पसरणं आहे. अलेक्झांड्रियातल्या ग्रीक बोलणाऱ्या ज्यूंना हिब्रू अवघड जाऊ लागलं, म्हणून त्यांचे ग्रंथ ग्रीकमध्ये आले आणि त्यात ‘माशियाह’चा ‘ख्रिस्तोस’ झाला. येशूच्या जन्माच्या आधीच. पुढे अँटिऑकमध्ये त्याच्या शिष्यांना पहिल्यांदा ‘ख्रिस्ती’ म्हटलं गेलं, असं बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नोंदलंय.

येशूच्या चरित्राच्या पुस्तकांना म्हणतात तो ‘शुभवर्तमान’ हा शब्दही असाच आधीपासून चालता होता. आजच्या तुर्कस्तानातल्या प्रिएने या ग्रीक शहराच्या इ.स.पू. ९ च्या शिलालेखात ऑगस्टस सम्राटाचा जन्मदिवस ही जगासाठी शुभवार्तांची सुरुवात म्हटली आहे. ग्रीक शब्द तोच. रोमच्या प्रजेने नंतर येशूविषयी तो ऐकला, तेव्हा कान टवकारले असतील.

प्रश्न : सॅट्रप, क्षत्रप आणि छत्रपती हे एकच ना? (एक निवृत्त वाचक)

उत्तर : पहिले दोन एक, तिसरा वेगळा. छत्रपती म्हणजे छत्र आणि पती, सरळ संस्कृत. क्षत्रपाचं मूळ जुन्या पर्शियनमध्ये, अर्थ राज्याचा रक्षक, म्हणजे हखामनी सम्राटाने प्रांतावर नेमलेला अधिकारी. ग्रीकांनी त्याचा ‘सात्रापेस’ केला. शकांबरोबर तो शब्द आपल्याकडे आला तेव्हा वरचा सम्राट गळून पडत चालला होता आणि क्षत्रप स्वतःच नाणी पाडत होते. अशाच एका क्षत्रपाची, नहपानाची, चांदीची नाणी त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने वितळवली नाहीत, त्यांच्यावरच आपला ठसा मारला. नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली. त्यांतली दोन तृतीयांश अशी. काहींवर सातकर्णीच्या ठशाखालून नहपानाचं नाक अजून दिसतं.