जतला रुजू झालेल्या गुरुजींस

प्रिय गुरुजी (आता तुलाही हेच म्हणायला हवं),

अनेक आशीर्वाद. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीत तुझ्या शाळेचा निकाल तळाला निघाला आणि सगळ्यांदेखत तुला उभं केलं, हे वाचून वाईट वाटलं. नवल मात्र वाटलं नाही. जतच्या दुष्काळी पूर्व भागातली वस्तीवरची शाळा आणि वाळवा-पलूसच्या बागायती पट्ट्यातली शाळा एकाच तक्त्यात बसवतात. तिकडच्या उसाच्या फडात तुझ्याच पोरांचे आईबाप कोयता चालवतात, हे त्या तक्त्यात कुठल्या रकान्यात भरायचं?

पण तेवढ्यावर तक्ता खोटा ठरवून मोकळा होऊ नकोस. तिसरीपासूनच्या प्रत्येक पोराला एकेकटं जवळ बसव आणि वाचायला लाव. पाठ झालेला धडा देऊ नकोस. पोरगं घडाघडा म्हणत असतं आणि बोट भलत्याच ओळीवर फिरत असतं. वाक्याचा शेवटचा शब्द आधी विचार, लगेच कळेल. पोरांना वाचता-मोजता येतं का हे घरोघरी जाऊन बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत 2005 पासून असंच एकेकाला बसवून बघतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गोष्टही दुसरीच्या पातळीची, मग पोरगं पाचवीत का असेना.

गणिताचंही तसंच. 52 वजा 17 घाल. 45 उत्तर आलं तर 'चूक' म्हणून फुली मारू नकोस. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन काढले. हातचा कुणी समजावलाच नाही. हेच पोरगं आठवडी बाजारात पन्नासच्या नोटेतून सतरा रुपये वजा करून मोड बरोबर मोजून घेतं. तिथूनच सुरुवात कर, नोटा आणि सुट्टे पैसे मांडून.

मग रोज तासभर इयत्ता विसर. अक्षराची पोरं एकीकडे, गोष्टीची दुसरीकडे. द्विशिक्षकी शाळेचा तेवढा एक फायदा, वर्ग तसेही एकाच खोलीत कोंबलेले असतात.

तुझ्या वस्तीवर घरोघरी कानडी बोलतात. पहिलीचं पोर गप्प बसलं की त्याला मठ्ठ समजायची घाई नको. 'ऊट आय्ता?' एवढं विचारायला तरी शीक. बोलकं झालं की मराठी येतेच.

आणखी एक. वरून शिष्यवृत्तीचं दडपण येईल. दोन हुशार पोरं निवडायची, त्यांनाच घासायचं, फलकावर नावं लावायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मला या प्रकाराचा मनस्वी राग आहे. परीक्षेला बसव, जरूर बसव, पण वर्गाचा वेळ त्यांच्यावर उधळू नकोस. त्यापेक्षा सातवी करून जाणाऱ्यांच्या घरी आठवीतल्या एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेची माहिती पोचव. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. उत्पन्नाचा दाखला वेळेत निघत नाही, म्हणूनच कितीतरी अर्ज राहतात.

खरी गळती दिवाळीला लागते. ऊसतोडीची टोळी निघाली की पोरं बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरवर, आणि परत येतात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. वर्ष संपत आलेलं असतं. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढलं ते उगीच नाही. गरिबाच्या पोराची शाळा जेवणाखाण्यावर आणि मुक्कामावर अडते, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीपुढे हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी पोरांना गावातच ठेवून घेण्याच्या सोयीचा, विषय आत्ताच घे. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, तेव्हा बैठक संध्याकाळी ठेव, रोजगार बुडवून कुणी येणार नाही. आजी घरी राहणार असेल तर पोराला तिच्याकडे ठेवायला आईबापाला राजी कर. आजीशी आधी बोल, बापाशी नंतर.

तरीही जी जातील त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड (जातील तिथल्या शाळेत दाखवायचं) दे आणि वाचनाची पातळी त्याच्यासोबत एका कागदावर लिही. टोळीचा मुकादम उचल (आगाऊ मजुरी) वाटायला गावात येतो तेव्हाच त्याला गाठ. टोळी कुठल्या कारखान्यावर जाणार ते विचारून घे, आणि तिथल्या जवळच्या शाळेच्या गुरुजींना फोन लाव.

तुझा,
जुना केंद्रप्रमुख