फुंकलेला दिवा की फुंकीव काचेचा दिवा?

प्रश्न थोडक्यात असा: दिव्यांच्या एका प्रदर्शनासाठी मराठी पाट्या करायच्या आहेत. मूळ इंग्रजी मजकूर 'हँडक्राफ्टेड ब्लोन ग्लास डिझायनर पेंडंट लॅम्प्स' असा आहे. यंत्राने त्याचं 'हस्तनिर्मित फुंकलेल्या काचेचे डिझायनर लटकन दिवे' करून दिलं. हे कानाला खटकतं, पण नेमकं काय चुकतं? 'फुंकीव' म्हटलं तर चालेल का? आणि झुंबर, हंडी, लामणदिवा यांतलं कुठलं नाव कुठल्या दिव्याला द्यायचं?

सगळ्यात जास्त खटकतं ते 'फुंकलेल्या'. व्याकरणात चूक नाही, पण मराठीत फुंकर दिव्यापाशी पोचली की दिवा विझतो. बाकी आपण पैसे फुंकतो, बिडी फुंकतो, कुणाचे तरी कान फुंकतो. दिव्याच्या बाबतीत तर भाषा फारच जपून बोलते. 'विझवला' म्हणायलाही पुष्कळ घरांत नको वाटतं; दिवा 'मालवतात', देवापुढचा दिवा 'शांत होतो'. काचेचंही तसंच, बांगडी फुटली म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. अशा भाषेत 'फुंकलेला' आणि 'दिवा' हे शब्द शेजारी बसवले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी धूर सोडणारी वात येते. शिवाय पाटीवर जागा कमी असते. 'फुंकलेल्या काचेचे दिवे' आज ना उद्या 'फुंकलेले दिवे' होणारच.

'फुंकीव' चालेल का? माझ्या मते तोच शब्द हवा. मराठीत धातूला '-ईव' लावून कारागिरीची विशेषणं पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत: कोरीव, घडीव, ओतीव, रेखीव, घोटीव, बांधीव. '-लेला' आणि '-ईव' यांत एक बारीक फरक आहे, तो दुधावरून चटकन कळतो. 'आटलेलं दूध' म्हणजे कदाचित गॅसवर विसरलेलं. 'आटीव दूध' म्हणजे कुणीतरी उभं राहून, ढवळून, मुद्दाम आटवलेलं. पहिल्यात घडून गेलेली गोष्ट आहे, दुसऱ्यात जात आणि कसब. पाळीव, राखीव यांतही हाच मुद्दामपणा आहे. (जाणीव, उणीव ही नामं आहेत, ती या रांगेत धरू नयेत.) तेव्हा ओतीव लोखंड, घडीव दगड, तशी फुंकीव काच. हे विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही: कोरीव लेणं, कोरीव लेणी, कोरीव मूर्ती, फुंकीव काच, फुंकीव भांडं, फुंकीव हंड्या. मात्र ते काचेला लावा, दिव्याला नको. 'फुंकीव काचेचा दिवा' बरोबर. 'फुंकीव दिवा' म्हटलं की पुन्हा तीच विझलेली वात.

काचकामाच्या क्रियांना मराठी शब्द नाहीत, असं म्हणून लोक 'अनुशीतन' (काच हळूहळू थंड करणं) यासारखे शब्द वापरतात. ग्रंथात ते ठीक आहेत. पण भट्टीसमोरचं काम बघितलं तर निम्मे शब्द आपल्या स्वयंपाकघरातच सापडतात. सुमारे सव्वा ते दीड मीटर लांबीची पोलादी पोकळ नळी असते, तिला फुंकनळी म्हणावं. चुलीच्या फुंकणीची ही थोरली बहीण. तिचं टोक आधी तापवतात, कारण थंड धातूला काच धरत नाही. मग साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या रसात टोक बुडवून, फिरवत फिरवत काचेचा गोळा 'घेतात'. हा रस पाकासारखा चिवट असतो. नळी फिरवणं क्षणभर थांबलं तरी गोळा खाली ओघळतो आणि दिव्याला एका बाजूला झोल येतो. पुढे पोलादी पाटावर गोळा 'घोळतात', वडा पिठात घोळतात तसाच. फरक इतकाच की इथे काही चिकटवायचं नसतं. बाहेरचा थर किंचित थंड करून गोळा मध्यावर आणायचा असतो. मग नळीत फुंकायचं आणि लगेच अंगठ्याने तिचं तोंड दाबायचं. आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि बुडबुडा धरतो. गालफडं फुगवून फुंकणं चित्रातच शोभतं. खरं काम बरंचसं अंगठा आणि उष्णता करतात. दिवा मोठा असेल तर याच बुडबुड्यावर रसाचा दुसरा, तिसरा थर घेतात. आकार भिजवलेल्या लाकडी साच्याने किंवा ओल्या वर्तमानपत्राच्या जाड घडीने देतात. ओलाव्याची वाफ होते आणि काच त्या वाफेच्या पातळ थरावर फिरते, म्हणून कागद करपतो पण पेट घेत नाही. गळा चिमट्याने 'आवळतात', लांबट आकार हवा असेल तर नळी खाली धरून 'झुलवतात', आणि काच आखडायला लागली की पुन्हा आगीच्या तोंडाशी नेतात.

शेवटची क्रिया सगळ्यात महत्त्वाची, आणि तिला 'निववणे' हा आपला शब्द चपखल बसतो. दूध निवतं, ताप उतरून अंग निवतं, तशी काचही निववायची. सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत वस्तू आधी सारख्या तापमानाला आणतात आणि मग हळूहळू उतरवतात. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या शेडला काही तास पुरतात. दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला एखादा दिवसही लागतो. घाई केली तर बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसायला बघतो आणि दोघांची ओढाताण काचेत कायमची राहते. असा दिवा दुकानात दिसतो सुरेख. सहा महिन्यांनी एखाद्या रात्री, कुणाचा धक्का लागलेला नसताना, त्याला तडा जातो. दोन रंगांची काच एकत्र घेतली आणि त्यांचं प्रसरण जुळत नसलं, तर निववूनही हेच होतं. साध्या सोडा-चुना काचेचं प्रसरण उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ पावणेतीन पट आहे. या दोघींचा संसार होत नाही. पाटीवर 'निववलेली काच' लिहायची गरज नाही, पण विकणाऱ्याला हा शब्द माहीत असावा.

'हँड-ब्लोन'चं 'हातफुंकीव' करू नये. फुंकतं तोंड, हात नळी फिरवतो. हाताचं कसब सांगायचंच असेल तर 'हातसडीचे तांदूळ' या नमुन्यावर 'हातघडणीचे दिवे' म्हणावं. 'हातघडीचे' नको, त्यातून मनगटावरचं घड्याळ तरी दिसतं, नाहीतर हाताची घडी. 'हस्तनिर्मित' चूक नाही, फक्त त्याला सरकारी एम्पोरियमचा वास आहे.

'डिझायनर' ठेवायला माझी हरकत नाही, पण दिवा खरोखर कुणा नाव असलेल्या रचनाकाराचा असेल तरच. मग ते नावही लिहा. नुसतं 'छान दिसणारा' एवढंच सांगायचं असेल तर 'सजावटीचा दिवा' पुरे. 'शोभेचा दिवा' म्हणताना जरा सांभाळून, कारण 'नुसताच शोभेचा' ही शिवी जवळच उभी असते.

आता नावं. मराठीने दिव्यांना नावं दिली ती बहुतेक दिवा कुठे आणि कसा असतो यावरून. कशाचा आहे ते नंतर. उभी समई, मोठ्या दांडीची ठाणवई, साखळीने टांगलेला लामणदिवा, देवळापुढची दीपमाळ. त्यामुळे 'पेंडंट'ला 'लटकन' म्हणायचं कारण नाही. लटकन दागिन्याला असतं, ब्लाउजच्या नाडीला असतं. विजेच्या एकट्या लोंबत्या दिव्याला 'टांगता दिवा' म्हणावं. लामणदिवा म्हटलं की पितळ, तेल, वात आणि साखळीवरचे पक्षी हे सगळं मागोमाग येतं. विजेच्या काचदिव्यावर ते नाव लादल्यासारखं वाटतं.

हंडी आणि झुंबर यांची मात्र कायम गल्लत होते. 'हंड्या-झुंबरं' हा जोडशब्द वाड्यांच्या वर्णनात इतका रुळला आहे की दोन्ही एकच वाटू लागतात. हंडी म्हणजे एकच काचपात्र: मडक्यासारखं किंवा घंटेसारखं, तोंड वर उघडं, काठाला सहसा तीन साखळ्या, आत पूर्वी मेणबत्ती किंवा पाण्यावर तरंगतं तेल, आता बल्ब. जुन्या हंड्यांच्या वर काचेची छोटी उपडी ताटली असते. ती नक्षी नव्हे, छताला काजळी धरू नये म्हणून. झुंबर म्हणजे घोस: मधला दांडा, त्याला फुटलेल्या फांद्या, फांदीच्या टोकाला मेण झेलणारी वाटी, खाली लोलक आणि मण्यांच्या माळा. एकच गोल, कितीही मोठा असला, तरी झुंबर नाही. हॉटेलांच्या जाहिराती हे ऐकणार नाहीत. मुरानो बेटावर (व्हेनिसच्या सरकारने १२९१ मध्ये आगीच्या भीतीने काचभट्ट्या शहराबाहेर तिथे हलवल्या) काचेच्या फुलापानांनी भरलेल्या झुंबराला कारागीर 'चोक्का' म्हणत, म्हणजे फुलांचा गुच्छ. घोसाची कल्पना तिथेही आहेच. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यातली दोन झुंबरं तर इतकी जड आहेत की छत पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले, अशी कथा सांगतात.

'कंदील' अरबी 'किंदील'वरून आला, तो ग्रीकमार्गे लॅटिन 'कांदेला'पर्यंत जातो. 'शँडेलिअर' आणि 'कँडल' हेही त्याच घरातले. म्हणजे आपला ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आणि व्हेनिसचं झुंबर नावापुरते भाऊबंद निघाले. 'फाणस' फारसी 'फानूस'वरून आला, त्याचंही मूळ ग्रीकच. कंदिलाचा एक उपयोग इथे करून घेता येतो. 'कंदिलाची काच पुसून ठेव' यातली काच म्हणजे ज्योतीभोवतीचं पात्र. तेव्हा काचेच्या 'शेड'ला 'दिव्याची काच' हा शब्द आपल्याकडे तयारच आहे. कागदाची, कापडाची किंवा वेताची शेड असेल तर 'शेड'च बरं. शिंपल्याच्या पातळ चकत्यांचे दिवे असतील तर त्यांना 'शिंपल्याच्या तावदानांचे' म्हणता येईल. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांमुळे हे चित्र तिकडच्या वाचकाला लगेच कळतं.

दोन विशेषणं पाटीवर हमखास चुकतात. 'दुधी काच' आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. एक, काच अंगातूनच पांढरी. दुसरी, पारदर्शक काच वाळूच्या माऱ्याने किंवा आम्लाने खरबरीत केलेली. ओलं बोट फिरवा: दुसरीवर ओल्या जागी काच पारदर्शक होते, पहिलीवर काही फरक पडत नाही. दिवा लावल्यावरही कळतं. पहिलीत सगळा गोल सारखा उजळतो, दुसरीत बल्बचा ठिपका धूसर पण दिसतोच. पहिलीला 'दुधी', दुसरीला 'घासीव' म्हटलं तर घोळ मिटेल. आणि 'बिलोरी' हा शब्द रंगीत साध्या काचेवर उधळू नये. बिलोर म्हणजे स्फटिक. पैलू पाडलेल्या, शिसं असलेल्या जड काचेलाच तो शोभतो. युरोपात तर २४ टक्के शिसाच्या ऑक्साइडखाली 'लेड क्रिस्टल' म्हणायला कायद्याने मनाई आहे.

पाटीवर शब्दांइतकीच एका आकड्याचीही गरज आहे: वजन. ३० सेंटिमीटर व्यासाचा, तीन मिलिमीटर जाडीचा गोल सुमारे दोन किलो भरतो. तो विजेच्या वायरवर टांगायचा नाही, साखळी आणि हुक हवेत. होल्डर पिनचा (बी २२) की आट्यांचा (ई २७) हेही लिहा. काचेचं भोक होल्डरच्या गळ्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठं आणि मधे मऊ वॉशर, असं हवं. पितळ काचेच्या दुपटीने प्रसरण पावतं, घट्ट बसवलं तर नेमका गळ्याशीच तडा जातो. आणि 'तडा', 'टवका', 'चरा' हे तीन शब्द परतीच्या नियमांत वेगवेगळे ठेवा. आरपार गेलेली रेघ तो तडा, काठाचा उडालेला तुकडा तो टवका, वरवरचा ओरखडा तो चरा. आतले बारीक बुडबुडे यांपैकी कशातच येत नाहीत. फुंकीव काचेत ते असायचेच.

मग पाटी अशी होईल: 'फुंकीव काचेचे टांगते दिवे. हातघडणीचे.' झुंबर असेल तिथे 'फुंकीव काचेचं झुंबर, आठ फांद्यांचं'. हंडी असेल तिथे 'दुधी काचेची हंडी, तीन साखळ्यांची'.

एक शेवटचं, कारण विचारलेल्या मजकुरात पुढे एके ठिकाणी 'काचांचे दिवे' आहे. 'काचेचा' म्हटलं की द्रव्य कळतं. 'काचांचा' म्हटलं की अनेक तुकडे किंवा तावदानं. तांब्याच्या पट्टीने आणि डाखाने रंगीत तुकडे जोडून करतात, त्या टिफनी पद्धतीच्या दिव्याला 'काचांचा दिवा' अगदी बरोबर. एका श्वासात फुगवलेला गोल मात्र काचेचाच.