डोळ्यांनी पाहिलेला प्रयोग हा पुरावा नाही का? मग विज्ञानात पुरावा आणि तर्क यांत फरक काय?

नाही. निदान नवी मुंबईत, नेरूळच्या सोसायट्यांमध्ये आरओ (पाणी गाळून त्यातले क्षार काढणारं मशीन) विकायला येणारे जो प्रयोग दाखवतात, तो तरी नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे, म्हणून तोच उलगडतो.

दोन ग्लास. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. प्रत्येकात एक लोखंडी आणि एक अ‍ॅल्युमिनियमची कांडी. प्लग लावला की थोड्याच वेळात नळाचं पाणी हिरवट, मग तपकिरी, वर फेस, खाली साका. आरओचं नितळ. "बघा ताई, हे तुम्ही मुलांना पाजता."

तो साका पाण्यातला नाही, कांडीतला आहे. वीज वाहिली की धन टोकाचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचं हायड्रॉक्साइड होतं; आधी हिरवट, ऑक्सिजन लागला की तांबूस. १०० मिलिअँपिअर प्रवाह १० मिनिटं गेला तर साधारण १७ मिलिग्रॅम लोखंड उतरतं, म्हणजे २०० मिलीच्या ग्लासात लिटरमागे ८५ मिलिग्रॅम. एवढं लोखंड नळालाच असतं तर बादल्या, टाइल्स, शाळेचे शर्ट सगळं तांबडं पडलं असतं. आरओच्या पाण्यात क्षार फारसे उरत नाहीत, वीज जेमतेम वाहते, म्हणून ते स्वच्छ दिसतं.

"पाणी घाण आहे" आणि "कांडी झिजते" हे दोन्ही सुरुवातीला तर्कच. त्या दोन ग्लासांपुरता दोघांचाही निकाल सारखाच, म्हणून त्या प्रयोगाने काही ठरत नाही. जिथे दोघांचे निकाल वेगळे येतील अशी जागा शोधावी लागते. आरओच्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाका. घाण नळाच्या पाण्यात असेल तर हे नितळ राहायला हवं. ते गढूळ होतं, आणि नळाच्या पाण्यापेक्षा लवकर. "मीठच घाण असेल" असं कोणी म्हटलंच तर तेच खारं पाणी तिसऱ्या ग्लासात, कांड्या घालून पण विजेशिवाय ठेवा. तेवढ्या वेळात काही होत नाही.

घरी करायचं तर २३० व्होल्टच्या वाटेला जाऊ नका. ९ व्होल्टची बॅटरी, दोन साधे लोखंडी खिळे, क्लिपच्या दोन वायरी. खिळे एकमेकांना टेकू देऊ नका. चकचकीत झिंक चढवलेले खिळे घेतलेत तर पांढरा साका येईल आणि नसता घोळ होईल. स्टीलचे चमचे अजिबात नको, त्यातून क्रोमियम उतरतं. खिडकी उघडी ठेवा, पाणी ओतून द्या.

आमच्या सर्वसाधारण सभेत याच प्रयोगावर ठराव झाला. "एवढ्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं" हा सेक्रेटरींचा मुद्दा. अहो, शंभर जणांनी पाहिलं तरी ग्लास दोनच होते ना! टीडीएस मीटरचंही तेच. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि ठरावीक गुणकाने क्षारांचा आकडा दाखवतो. जंतू त्याला दिसत नाहीत. सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचा आकडाही २०० म्हणजे चांगला येऊ शकतो.

तर्क म्हणजे थाप, असंही नव्हे. भौतिकशास्त्रज्ञ पाउली यांनी न्यूट्रिनो हा अतिसूक्ष्म कण १९३० मध्ये कागदावरच मांडला. सापडला १९५६ मध्ये. मधली २६ वर्षं तो तर्कच होता, पण कसा शोधायचा आणि कुठे चुकू शकतो हे सांगणारा. सेल्समन आपला तर्क कुठे चुकू शकतो हे सांगतच नाही, तिथेच संशय घ्यावा.

आरओ निरुपयोगी आहे असं मात्र म्हणत नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल, आकडा ५०० च्या वर जात असेल, तर जरूर बसवा. आपल्याकडे मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं. बिघडलं तर बहुधा सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत. म्हणून आधी टाकी धुवा. मग सगळ्यात लांबच्या विंगच्या नळाला ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करा: थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच घ्या, तोटी स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, मग भरा. बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवा. १०० मिलीत ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही सापडता कामा नये. तो रिपोर्ट नोटीस बोर्डावर लावा, मग पुढच्या सभेत आरओवर मत घ्या.