खुणा येतात, वाक्य जुळत नाही: कर्णबधिर मुलाला भाषेचा वेगळा दोष असू शकतो का?

ताई, तुमचा मुलगा आठ वर्षांचा, जन्मतः कर्णबधिर. तीन वर्षं साइन (हातांच्या खुणांची भाषा) शिकूनही दोन-तीन खुणांपुढे जात नाही, म्हणून विचारताय की हे कानामुळेच की आणखी काही.

आणखी काही असू शकतं. ऐकू येणाऱ्या शंभरातल्या साधारण सात मुलांना भाषाच नीट उमगत नाही. कान ठीक, बाकी समजही ठीक. हा दोष जिभेचा नाही, त्यामुळे तो हातांच्या भाषेतही दिसतो. लंडनचे संशोधक गॅरी मॉर्गन, रोझलिंड हर्मन यांनी ब्रिटिश साइन वापरणाऱ्या मुलांत तो दाखवलाय.

मी ठाण्यात कर्णबधिर मुलांना शिकवते. कळव्याचे दोन भाऊ होते, आईबाबाही कर्णबधिर, म्हणजे घरात पाळण्यापासून साइन. तलावपाळीला बोटीत बसून आले, तेव्हा ती गंमत सांगायला लावली. सहा वर्षांच्या धाकट्याने हवेत बाबांना उजवीकडे, आईला डावीकडे जागा दिली आणि 'देणे'ची खूण बाबांकडून आईकडे नेली. नऊ वर्षांच्या थोरल्याने कोणाला जागाच दिली नाही. तिकीट कोणी कोणाला दिलं, काही कळेना. पाच खुणांचं वाक्य करून दाखवलं, तर पहिली आणि शेवटची करायचा, मधल्या गळायच्या. बाबा वैतागले: याचे हात आळशी आहेत. आळशी कसले! कॅरमला मला हरवायचा.

तुमचं घर मात्र ऐकणारं. दहातल्या नऊ कर्णबधिर मुलांचं तसंच असतं. त्याला साइन मिळाली पाचव्या वर्षी, तीही बहुधा शाळेपुरती. ही भाषेची उपासमारसुद्धा हुबेहूब अशीच दिसते. म्हणून तुलना ऐकू येणाऱ्या चुलतभावाशी नको, त्याच सुमारास साइन सुरू केलेल्या वर्गमित्रांशी करा. ते पुढे गेले आणि हा त्याच चुकांवर अडलाय, तर शंका घ्या. दर महिन्याला त्याच चित्रांवरून गोष्ट सांगताना व्हिडिओ काढा आणि अस्खलित साइन करणाऱ्या कर्णबधिर माणसाला दाखवा. साइन न येणारा थेरपिस्ट खुणा मोजेल, वाक्य कुठे मोडलं ते त्याला दिसणार नाही. तपासणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. तिथे तो व्हिडिओ घेऊन जा. 'साइन बंद करा, बोलायला लागेल' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. उलट घरात सगळ्यांनी शिका, आजीनेसुद्धा.

कळव्याच्या थोरल्यासाठी मी टेबलावर दोन बाहुल्या ठेवायचे आणि त्याचा हात धरून 'देणे' एकीकडून दुसरीकडे न्यायचे. आता बारा वर्षांचा आहे. गोष्ट सांगताना अजून अडखळतो, पण तिकीट कोणी कोणाला दिलं ते कळतं.